धायटी : कोरड्या ऋतूतील ‘सुभिक्षा’

पाठशाळेत ज्यांनी लहानपणी द्वीप-समुद्रांचा नकाशा पाहिला असेल, त्यांना त्यातील रंगीत वलये आजही आठवत असतील. मध्यभागी जंबूद्वीप, त्याभोवती लवणसमुद्र, त्यापलीकडे चार लाख योजने विस्ताराचे वलयाकार धातकीखंड आणि मग कालोद समुद्र. अनेक मंदिरांच्या भिंतींवर हा नकाशा रंगविलेला असतो आणि धातकीखंडातील दोन मेरू मुले बोट ठेवून दाखवितात. जंबूद्वीपाचे नाव जंबू म्हणजे जांभळाच्या वृक्षावरून आणि धातकीखंडाचे नाव धातकी वृक्षावरून पडले, हेही बहुतेकांना पाठ असते. जांभूळ सर्वांच्या ओळखीचे. पण धातकी म्हणजे कोणती वनस्पती, असे विचारले तर क्षणभर शांतता पसरते.

शास्त्रांत वर्णिलेला तो दिव्य वृक्ष आणि आपल्या डोंगरांवरील झुडूप एकच आहेत, असे म्हणता येणार नाही. नाव मात्र तेच आहे. संस्कृत ग्रंथांतील धातकी ती मराठीतील धायटी. काही भागांत तिला धायरी म्हणतात. वनस्पतिशास्त्र तिला ‘वुडफोर्डिया फ्रुटिकोसा’ या नावाने ओळखते आणि मेंदी, डाळिंब व महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण यांच्याच कुळात तिची गणना करते. आयुर्वेदाच्या निघंटूंनी तिला अनेक पर्यायी नावे दिली आहेत. तांबड्या फुलांची म्हणून ताम्रपुष्पी, फुलांनी लगडलेली म्हणून बहुपुष्पी, ज्वाळेसारखी दिसते म्हणून वह्निज्वाला. या सर्वांत एक नाव वेगळे आहे, ते म्हणजे ‘सुभिक्षा’. दुर्भिक्षाच्या उलट ते सुभिक्ष, अन्नाची विपुलता. खाण्यासारखे फळ नाही, कंद नाही, अशा एका काटक झुडपाला हे नाव का मिळाले असावे, याचे एक उत्तर माघ-फाल्गुनात डोंगरावर गेल्यास डोळ्यांना दिसते.

ऋतूच्या सांध्यावरचा बहर

संक्रांत सरली की सह्याद्रीच्या पूर्वेकडील डोंगरांचा रंग उतरू लागतो. गवत वाळून पिवळे पडते, ओढे आटतात, पानझडीचे वृक्ष एकेक करून उघडे होतात. पावसाळ्यातील रानफुले केव्हाच संपलेली असतात. पळस आणि पांगारा यांचा ऐन बहर अजून दूर असतो. नेमक्या याच काळात सिंहगडाच्या वाटेवर, पन्हाळ्याच्या उतारांवर, घाटरस्त्यांच्या कडेला मुरमाड जमिनीत उभी असलेली धायटी फुलू लागते. पहिली फुले जानेवारीत दिसतात, होळीच्या सुमारास झुडूप नखशिखांत तांबडे झालेले असते आणि मागाहून येणारी फुले थेट एप्रिलपर्यंत टिकतात.

धायटीचे झुडूप साधारणतः 1 ते 3 मीटर उंच वाढते. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात आणि त्या कमानीसारख्या बाहेर झुकतात. साल पातळ, दालचिनीच्या रंगाची, तंतूतंतूंनी सुटणारी. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची. पान उलटे करून पाहिले तर खालची बाजू फिकट, मऊ लव असलेली आणि तीवर बारीक काळे ठिपके. एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या की फुले नसतानाही धायटी ओळखता येते.

फुले फांद्यांवर पानांच्या बगलेत दाट झुबक्यांनी येतात. प्रत्येक फूल म्हणजे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकलेली तांबडी नळी. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. ही रंगीत नळी पाकळ्यांची नव्हे, तर निदलांची, म्हणजे इतर फुलांत जो भाग हिरवा असतो त्याची बनलेली असते. खऱ्या पाकळ्या नळीच्या तोंडाशी असतात, पण त्या इतक्या चिमुकल्या की सहज दिसत नाहीत. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध साठलेला असतो. सुगंध जवळजवळ नाहीच. तांबडा रंग, नळीसारखा आकार, वासाचा अभाव आणि भरपूर मधुरस ही सारी लक्षणे पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलांची आहेत. डोंगराकडेच्या गावांतील मुलांनाही हे ठाऊक असते. ती फूल तोडून त्याचा देठाकडील भाग चोखतात.

दाण्यावर न जगणारे पाहुणे

उन्हाळा जवळ आला की अनेक जैन घरांच्या गच्चीवर मातीची परळे पाण्याने भरून ठेवली जातात, अंगणात मूठभर ज्वारी-बाजरी टाकली जाते. ही जुनी आणि प्रेमळ रीत आहे. परंतु दाणे टिपायला येणारे पक्षी कोणते, हे थोडे निरखून पाहावे. कबुतरे, पारवे, चिमण्या, होले, फार तर पोपट. ज्यांची चोच दाणा फोडण्यासाठी घडलेली आहे, त्यांनाच त्या दाण्याचा उपयोग होतो. रानातील आणि वस्तीतील कितीतरी पाखरे अशी आहेत की ज्यांच्यापुढे धान्याचे कोठार उघडले, तरी ती उपाशीच राहतील.

शिंजीर हा त्यांतला एक. इंग्रजीत त्याला सनबर्ड म्हणतात; गावाकडे फुलचुखी या नावानेही तो ओळखला जातो. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, चोच बारीक आणि बाकदार, जीभ नळीसारखी. फुलांच्या तळाशी साठलेला मध हेच त्याचे मुख्य अन्न. महाराष्ट्रात जांभळा शिंजीर सर्वत्र दिसतो. विणीच्या काळात नर उन्हात जांभळ्या-निळ्या धातूसारखा चमकतो, एरवी तो मादीसारखाच साधा, पिवळसर पोटाचा आणि छातीवर एक गडद पट्टा असलेला असतो. हिवाळा संपता संपता तो हा चमकदार वेष धारण करतो आणि जोडपी घरटे विणण्यास लागतात. कोळ्याची जाळी, वाळकी पाने, सालीचे तंतू यांचे ते लोंबते घरटे अनेकांनी व्हरांड्यातील दोरीला किंवा अंगणातील फांदीला पाहिले असेल. पिलांना मात्र मधावर वाढविता येत नाही. त्यांच्यासाठी आईबाप कोळी आणि कीटक टिपून आणतात, स्वतःची धावपळ फुलांतील मधावर चालवितात. म्हणजे विणीच्या या काळात त्यांना मधही हवा असतो आणि फुलांवर येणारे कीटकही. फुललेली धायटी दोन्ही पुरविते.

धायटीच्या झुडपापाशी सकाळी अर्धा तास शांत बसल्यास पाहुण्यांची यादी वाढत जाते. हिरवट-पिवळा, डोळ्यांभोवती पांढरी कडा असलेला चष्मेवाला लहान थव्याने येतो. बुलबुल येतो आणि फांदी हलवून जातो. इवलासा फुलटोचा दिसला तर भाग्य. ऊन चढले की मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो. कड्यांवर मोठी पोळी बांधणाऱ्या आग्या माश्या, पोकळ्यांत राहणाऱ्या सातेरी, झुडपांत छोटे पोळे करणाऱ्या फुलोरी अशा सर्व प्रकारच्या माश्या येथे येतात. त्यांच्या दृष्टीने हा काळ पुढील कडक उन्हाळ्याच्या तयारीचा असतो. जैन घरांत मध वर्ज्य मानण्याची परंपरा आहे. फुलातील मध फुलात येणाऱ्या जीवांसाठीच ठेवावा, ही भूमिका ज्यांच्या स्वयंपाकघरात रुजलेली आहे, त्यांना धायटीच्या झुडपाचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही.

पेठेतील धायटी

डोंगरावर धायटी न पाहिलेल्या कुटुंबांतही तिचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या झालेला असू शकतो. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली, तपकिरी-तांबूस फुले पोत्यांनी येतात आणि किलोने विकली जातात. हिंदी भाषक व्यापारी त्यांना धाय किंवा धवई फूल म्हणतात, गुजराती व्यापारी धावडीची फुले म्हणतात. त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आयुर्वेदीय औषधनिर्मिती. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमार्यासव यांसारखी आसवे व अरिष्टे बनविताना काढ्यात गूळ मिसळून त्यात धायटीची फुले घालतात आणि भांडे बंद करून ठेवतात. फुलांवर नैसर्गिकरीत्या असणारी किण्वे गुळाच्या साखरेवर काम करतात आणि द्रव आंबू लागतो. या आंबण्यातून मद्यांश निर्माण होतो, म्हणूनच अनेक जैन घरांत आसवे आणि अरिष्टे घेतली जात नाहीत. वैद्यकात फुलांचा वापर एवढ्यावर थांबत नाही. त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्यामुळे अतिसारावरील औषधांतही ती वापरली जातात.

कापडाच्या व्यापारात असलेल्यांचाही धायटीशी संबंध आहे. राजस्थानातील बगरू आणि सांगानेर येथील ठशांच्या छपाईत तांबडा रंग चढविण्यासाठी कापड आलिझरीनच्या कढईत उकळतात, तेव्हा त्या पाण्यात धवईची फुले टाकण्याची पद्धत आहे. रंग एकसारखा बसावा आणि कापडाची पांढरी जमीन डागळू नये, हा त्यामागील हेतू. दुकानातील गठ्ठ्यातून निघालेल्या एखाद्या तांबड्या बुट्ट्यांच्या कापडामागे, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, कुठल्यातरी डोंगरावरील धायटी उभी असते.

ही फुले शेतातून येत नाहीत. धायटीची लागवड अगदी क्वचित होते. बाजारातील माल प्रामुख्याने रानातून गोळा केला जातो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, शेतीची कामे सरलेली असताना, वनक्षेत्रातील कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, उन्हात डोंगर चढून फुले खुडतात, वाळवितात आणि गावच्या व्यापाऱ्याला देतात. केंद्र सरकारच्या गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत धवईच्या फुलांचा समावेश आहे. 2020 मध्ये या यादीतील दर सुधारण्यात आले, तेव्हा वाळलेल्या फुलांचा दर किलोला 37 रुपये ठरला. दीड सेंटिमीटर लांबीची फुले वाळवून एक किलो भरण्यासाठी किती झुबके खुडावे लागत असतील, याचा अंदाज प्रत्येक व्यापारी स्वतःच बांधू शकेल.

फूल गेले की बीही गेले

येथे पूर्वी सांगितलेला तो बारकावा पुन्हा आठवावा लागतो. धायटीच्या फुलातील तांबडी नळी पाकळ्यांसारखी गळून पडत नाही. परागीभवनानंतर तिच्याच आत लहानसे बोंड धरते, ते त्या नळीच्या आवरणातच वाढते आणि त्यातच बारीक, तपकिरी, असंख्य बिया तयार होतात. जाईजुईची फुले वेचली तरी वेल मागे राहते आणि तिला कलमाने वाढविणारा माळी असतो. रानातील धायटीला माळी नाही. तिचे फूल खुडले, म्हणजे त्या वर्षाचे बीही खुडले. झुडपावरचे सर्व झुबके एकाच फेरीत उतरविले, तर शिंजीर आणि मधमाश्या त्या हंगामापुरत्या उपाशी राहतात आणि डोंगराला पुढील पिढीची रोपे मिळत नाहीत.

वाढलेली झुडपे चिवट असतात. तोडली तरी बुंध्यातून नवे फुटवे येतात, वणव्यात फांद्या होरपळल्या तरी मुळे तग धरतात. त्यामुळे हानी लवकर दिसत नाही. जुनी झुडपे दरवर्षी फुलत राहतात आणि सारे ठीक चालले आहे असे वाटते. परंतु वणव्यांचा काळही नेमका फेब्रुवारी ते एप्रिल हाच असतो. ज्या उतारावर फुले खुडली जातात आणि उरलेली बोंडे वणव्यात जातात, तेथे जुन्या झुडपांच्या मधल्या जागेत कोवळी रोपे दिसेनाशी होतात. मग ती जागा घाणेरीसारखी परकी झुडपे व्यापतात. कोरड्या, धूप होणाऱ्या उतारावर माती धरून ठेवण्याचे काम धायटीची मुळे करीत असतात, तेही त्यामुळे हळूहळू कमी होते.

यावर उपाय म्हणून फुलांची खरेदीच बंद करावी, असे सुचविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या कुटुंबांना चैत्र-वैशाखात दुसरे उत्पन्न नसते, त्यांच्या हातचा पैसा त्यामुळे जाईल. खरेदीदाराच्या हाती याहून अधिक उपयोगी गोष्टी आहेत. प्रत्येक झुडपावरील निदान एक तृतीयांश झुबके राखून ठेवणाऱ्या गावाकडून माल घेणे, फांद्या तोडून आणलेला माल नाकारणे, आधारभूत दरापेक्षा कमी भाव न देणे आणि पुढच्या वर्षीही त्याच गावाकडून घेण्याचा शब्द देणे. पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाची खात्री असेल, तर झुडूप राखण्यात संकलकाचाही फायदा असतो. मालाची प्रत, वजन आणि शब्द यांवर पेढी चालविणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.

आणि दुसरी गोष्ट प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगी आहे. ती म्हणजे आपल्या जागेत धायटी लावणे आणि तिचे एकही फूल न तोडणे.

लागवड : बीपासून बहरापर्यंत

रोप मिळविताना प्रथम नावाची गल्लत टाळावी. ‘धावडी’ म्हणून मागणी केल्यास रोपवाटिकेतून धावड्याचे रोप हाती पडण्याचा संभव असतो. धावडा हा निराळा, उंच वाढणारा वृक्ष आहे. हिवाळ्यात घरोघरी होणाऱ्या लाडवांतील डिंक त्याच्यापासून मिळतो. म्हणून रोप घेताना ‘धायटी’ हे नाव सांगावे आणि पानांच्या खालच्या बाजूची फिकट लव व काळे ठिपके पाहून घ्यावेत. वनविभागाच्या आणि देशी वनस्पतींच्या रोपवाटिकांत विचारणा करावी. डोंगरावरील झुडूप मुळासकट उपटून आणू नये. उपटलेले जुने झुडूप सहसा जगत नाही, आणि डोंगरावरचेही एक कमी होते.

बियांपासून रोपे करणे हे काम संयमाचे, पण आनंदाचे आहे. महावीर जयंतीच्या सुमारास बोंडे धरलेली असतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास ती तपकिरी होऊन वाळू लागतात. बोंडे उकलण्यापूर्वी थोडी कागदी पिशवीत काढून घ्यावीत, सावलीत काही दिवस सुकवावीत आणि हलक्या हाताने चोळावीत. बी धुळीसारखे बारीक असते. एका झुडपाची मूठभर बोंडे अनेक घरांना पुरतात, म्हणून बाकीची झुडपावरच राहू द्यावीत.

पसरट, तळाला भोके असलेल्या कुंडीत चाळलेली माती, बारीक वाळू आणि पालापाचोळ्याचे खत समप्रमाणात भरावे. बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पृष्ठभागावर भुरभुरावे. वरून मातीचा थर देऊ नये, कारण इतके बारीक बी खोल गेल्यास उगवत नाही. वरून पाणी ओतल्यास बी वाहून जाते. म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून भिजू द्यावी. कुंडीवर काच झाकून ती उजेडाच्या, पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावी. काही आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतील, तेव्हा काच थोडी सरकवून हवा द्यावी. हवा कोंडली तर कोवळी रोपे कुजतात. चार पाने आली की एकेक रोप लहान पिशवीत हलवावे. पहिल्या पावसाळ्यात ती वळचणीखाली, मुसळधार पावसापासून दूर ठेवावीत आणि कायमच्या जागी पुढील वर्षीच्या मृगातच लावावीत.

घाई असेल, तर पावसाच्या प्रारंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, अर्धवट पक्व फांद्यांचे 15 ते 20 सेंटिमीटर लांबीचे तुकडे वाळूमिश्रित मातीत खोचूनही रोपे करता येतात. सर्वच तुकड्यांना मुळे फुटत नाहीत, म्हणून दहा-बारा तरी लावावेत.

जागा निवडताना एकच नियम पाळावा. भरपूर ऊन, आणि पाणी न साचणारी जमीन. मुरमाड, उताराची, ‘येथे काहीच येत नाही’ म्हणून सोडून दिलेली जागा धायटीला मानवते. भारी काळी माती असेल तर मुरूम टाकून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावे. रोज फवाऱ्याने पाणी मिळणाऱ्या हिरवळीच्या मधोमध धायटी लावू नये, तिची मुळे कुजतील. सुमारे 45 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात निघालेली माती आणि घमेलेभर शेणखत एवढे पुरते. दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. कुंपण करायचे असल्यास एक मीटर पुरे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, दुसऱ्यात पंधरवड्यातून एकदा पाणी द्यावे. पुढे ती आपले आपण पाहते. रासायनिक खत देऊ नये, त्याने पाने माजतात आणि फुले कमी येतात.

छाटणीची वेळ चुकल्यामुळे अनेकांच्या बागेतील बहर जातो. धायटीची फुले आधीच वाढलेल्या फांद्यांवर येतात. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत झुडूप कापून आटोपशीर केले, तर येणारी फुले त्या कचऱ्याबरोबर जातात. छाटणी बी गळून गेल्यावर, पावसापूर्वी करावी. सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश बुंध्यापासून काढाव्यात. त्यानंतर होळी होईपर्यंत कात्री लावू नये. बहराच्या काळात झुडपावर किंवा शेजारच्या झाडांवर कीटकनाशक फवारणेही कटाक्षाने टाळावे. त्यातून मरतात त्या मधमाश्या आणि शिंजीर पिलांना भरवितात ते कीटक.

साधारणतः तिसऱ्या वर्षी, कधी दुसऱ्याही वर्षी, पहिली फुले दिसतात. ज्यांना जमीन नाही, त्यांनी गच्चीवर मोठ्या पिंपात, तळाला भरपूर भोके पाडून आणि मुरूममिश्रित माती भरून एक झुडूप वाढवावे. डोंगरावरील बहर तेथे येणार नाही, पण शिंजीर चौथ्या मजल्यावरही येतो.

जेथे जागा आहे तेथे

अनेक कुटुंबांच्या आणि संस्थांच्या हाती अशी जागा असते की जिच्याकडे बाग म्हणून कोणी पाहत नाही. गोदामाच्या मागची पट्टी, कारखान्याची हद्द, धर्मशाळेचे आवार, पांजरपोळाचा माळ, टेकडीवरील क्षेत्राची पायवाट. दर पावसाळ्यात समाजाच्या वतीने वृक्षारोपण होते. वड, पिंपळ, कडुनिंब यांची रोपे लागतात आणि ते योग्यच आहे. पण रान म्हणजे केवळ उंच वृक्ष नव्हेत. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत जो झुडपांचा थर असतो, त्यातच बहुतांश लहान पाखरे राहतात, लपतात आणि खातात. तो थर कोणी लावीत नाही. मुरमाड जागी वडाचे रोप पहिल्याच उन्हाळ्यात सुकते, तेथे धायटीची पाच झुडपे जगू शकतात.

एकट्या धायटीने वर्ष भरत नाही. तिच्या सोबतीला हिवाळ्यात फुलणारा अडुळसा, वैशाखात काळी मैना देणारे करवंद, उन्हाळ्यात पांढरा बहर आणणारा कुडा आणि पावसाळ्यात तांबडी फुले देणारी मुरुडशेंग लावली, तर बारमाही पंगत होते. मुरुडशेंगेच्या फुलांवरही शिंजीर हमखास येतो, आणि करवंदांवर बुलबुलांचा हक्क असतो. ही पाचही झुडपे येथल्याच मातीतील आहेत आणि पहिली दोन वर्षे सांभाळल्यावर फारसे काही मागत नाहीत.

यंदाचा बहर संपत आला असेल, तर आता बी गोळा करण्याची वेळ जवळ येत आहे. डोंगरावर किंवा घाटरस्त्याने जाणे झाले, तर वाळत आलेली चार बोंडे कागदात बांधून आणावीत. मुलांना ती उघडून दाखवावीत आणि भिंतीवरील नकाशातील धातकीखंडाच्या नावाशी त्यांची ओळख करून द्यावी. रोप वाढेल, तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर पहिले झुबके तांबडे होतील आणि एखाद्या सकाळी एक चिमुकला पक्षी फांदीला उलटा लटकून त्यात चोच घालील. त्या दिवशी परळातील पाणी आणि अंगणातील दाणे यांच्या जोडीला त्या घरी तिसरे ताट मांडलेले असेल.